नकाशात आहे

गेल्या फेब्रुवारीतल्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी मोरेश्वर राऊत यांनी एका नवरा-नवरीला जिन्यावरून खाली उतरवलं. नवरी अकराव्या पायरीवर होती, नवरा बाराव्या. तेरावी पायरी नाही. तिथे भिंत आहे.

लग्न दुपारचं होतं. फोटोग्राफरला जिन्याच्या टोकाला प्लास्टिकच्या फुलांचा पडदा लावायचा होता. "वर काहीच नाहीये काका, ते फोटोत वाईट दिसतं," असं त्याचं म्हणणं. राऊतांनी आधी फुलं उतरवायला लावली, मग माणसं.

"हा जिना चढायचा नाही, बघायचा आहे."

"मग बांधला कशाला?" नवऱ्याने विचारलं.

"बघायला."

"पण काका, बांधताना चुकला असेल ना?"

"चुकलेलं नाही. तसंच आहे. नकाशात आहे."

एवढं बोलून त्यांनी काखेतला प्लास्टिकचा पाइप उघडला, आतून गुंडाळी काढली आणि जिन्याचा नकाशा पायरीवर पसरला. वारा होता. एक कोपरा नवरीने मेंदीच्या हाताने धरला, दुसऱ्यावर नवऱ्याने फेट्याचा खोका ठेवला. दोघं वाकून बारा पायऱ्या मोजताहेत, असा फोटो त्यांच्या अल्बममध्ये आहे. फोटोग्राफरच्या मते अख्ख्या लग्नातला तोच चांगला आला.

मोरेश्वर राऊतांना गाव आप्पा म्हणतं. वय एकोणऐंशी, उंची बेताची, पांढरा सदरा, खिशात मोजपट्टी. निवृत्तीपर्यंत ते अलिबागच्या एका सरकारी कचेरीत बांधकामाचे ओव्हरसियर होते. नागाव सोडून चौलकडे निघालं की रस्त्याला लागून आमचं सांस्कृतिक भवन लागतं. ते बांधलं जात असताना गावाने देखरेखीचं काम आप्पांकडे दिलं होतं. भवन पूर्ण झालं, उद्घाटन झालं, रंग दोनदा उडाला आणि दोनदा लागला. आप्पांनी देखरेख सोडलेली नाही.

भवनाचा नकाशा मुंबईच्या एका वास्तुविशारदाने केला. त्या काळात तिकडे तशा इमारतींची हवा होती. समोर देवळासारखं त्रिकोणी शिखर आहे, पण ते मधोमध चिरलेलं आहे आणि चिरेतून आभाळ दिसतं. एका बाजूला रेवदंड्याच्या पडक्या चर्चमध्ये असते तशी कमान आहे, दुसऱ्या बाजूला कौलारू घराचा उतार. वर घुमट आहे, तोही नुसत्या पाइपांचा. त्यावर कावळे बसतात. दर्शनी भिंतीवर घड्याळाची तबकडी आहे, काटे नाहीत. आणि पुढे पाच गुलाबी खांब, पोफळीच्या बुंध्यासारखे वर निमुळते. त्यातले चार वरच्या तुळईला टेकत नाहीत. नऊ इंच आधी थांबतात. छताचा भार मागच्या भिंतीवर आहे. खांब नुसते उभे आहेत.

या प्रकाराला उत्तर-आधुनिक म्हणतात. त्याची व्याख्या आप्पा अशी करतात: "आधुनिक म्हणजे लागेल तेवढंच बांधायचं. उत्तर-आधुनिक म्हणजे त्यात थोडी थट्टा करायची. पण थट्टा झाली म्हणून सिमेंट कमी घालून चालत नाही."

गावाने भवनाला पहिल्याच वर्षी 'अर्धवट' हे नाव दिलं. पत्रिकेत 'सांस्कृतिक भवन' छापतात आणि तोंडी 'अर्धवटात लग्न आहे' सांगतात. आप्पांसमोर हे नाव कोणी घेत नाही. घेतलं तर पाइप उघडतो.

पाचवा, म्हणजे मधला खांब मात्र तुळईला टेकलेला आहे. ती थट्टा वास्तुविशारदाची नव्हे, धर्मा गवंड्याची.

धर्मा आता सत्तरीपुढे आहे. भवनाचं सगळं गवंडीकाम त्याच्या हातचं. आप्पा दिवसभर अलिबागला कचेरीत असत आणि संध्याकाळी एसटीतून उतरून काम बघत. एके दिवशी ते उतरले तेव्हा मधला खांब पूर्ण झालेला होता. धर्माने तो दुपारी स्वतःच्या डोक्याने वरपर्यंत नेऊन टेकवला होता.

"पाव्हना आला तर काय म्हनंल आप्पा? सिमेट पुरला न्हाय यांना. म्हंलं, एक तरी नीट करू. बाकीचं उद्या करतो."

आप्पा सिमेंटच्या गोणीवर बसले. त्या संध्याकाळी ते जेवायला घरी गेले नाहीत. सुमनकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, ताट घेऊन कामावर आल्या आणि तेही त्यांनी परत पाठवलं. पुढच्या आठवड्यात वास्तुविशारद आले. त्यांनी पाच खांब एकदा डावीकडून पाहिले, एकदा उजवीकडून, आणि मोठ्याने हसले. "राहू दे. चार जण पोचत नाहीत म्हणून तो पाचवा त्यांना चिडवतोय," असं म्हणून त्यांनी नकाशावर तो खांब लाल पेन्सिलीने पूर्ण केला आणि खाली सही केली.

तेव्हापासून आप्पांचा कायदा ठरला. नकाशात असेल ते बरोबर. नसेल आणि लाल पेन्सिलीची सही असेल, तर तेही बरोबर. बाकी सगळं चूक.

हा कायदा भवनापुरता थांबला नाही. आप्पांच्या दुसऱ्या खिशात ओळंबा असतो, दोरीला बांधलेलं पितळी वजन, भिंत सरळ आहे का ते बघायला. मी वर्तमानपत्रातली नोकरी संपवून गावी राहायला आलो, त्या वर्षी मला टायफॉइड झाला. आप्पा भेटायला आले. दारातच थांबून त्यांनी चौकटीला ओळंबा सोडला, डोळा बारीक केला आणि म्हणाले, "पाऊण इंच बाहेर गेलीय. तब्येत कशी आहे?"

कचेरीत जाताना त्यांनी कधी डबा नेला नाही. "डब्यातला भात म्हणजे सेट झालेलं काँक्रीट," असं ते म्हणत. सकाळी पेज पिऊन जायचं आणि संध्याकाळी आल्याआल्या गरम भात जेवायचा, हा क्रम नोकरी संपेपर्यंत चालला.

भवनात आप्पांचे काही हट्ट आहेत. ते समितीच्या कागदपत्रांत वेळोवेळी नोंदलेले आहेत, म्हणून इथे देता येतात.

भवनाच्या डाव्या अंगाला एक लांब बोळ आहे. पुढून रस्त्यावर उघडणारी कमान, मागे भिंत. या कमानीला शटर लावायला आप्पांनी तीनदा विरोध केला. कमानीसमोर टेम्पो उभा करू देत नाहीत. एकदा केटररचा टेम्पो हलेना, तेव्हा ते वाढप थांबवून बसले होते. कमानीत फ्लेक्स लावू देत नाहीत, मग तो कोणत्याही पक्षाचा असो. समोरच्या एसटी थांब्यावर कोणी होमस्टेचा फलक लावला, तोही त्यांनी चार हात बाजूला सरकवून घेतला. कारण विचारलं की उत्तर एकच: "नकाशात नाही."

दुसरा हट्ट एसटीचा. निवृत्त झाल्यावरही आप्पा रोज संध्याकाळी पाचच्या सुमारास अलिबागच्या दिशेने एक थांबा चालत जातात आणि अलिबागहून येणाऱ्या गाडीत बसून आपल्या थांब्यावर उतरतात.

"आप्पा, चालत गेलात नि बसून आलात! कमाई काय?" कंडक्टर विचारतात.

"रस्त्याची पातळी तपासतो."

उतरल्यावर ते भवनाकडे तोंड करून उजव्या हाताचं एक बोट वर करतात. क्षणभर तसे उभे राहतात, मग चालू लागतात. समोरच्या मैदानात संध्याकाळी क्रिकेट असतं. बोट वर झालं की फलंदाज ओरडतो, "ए, अंपायरने आऊट दिला रे!" आप्पा तिकडे बघत नाहीत. सुमनकाकू सात वर्षांपूर्वी गेल्या. मुलगी ठाण्याला असते. भवनाच्या मागच्या वाडीत आप्पा एकटेच राहतात. हे बोट भवनाला केलेला रामराम असावा, असा गावाचा समज होता. माझाही होता.

तिसरी गोष्ट हट्ट नाही, गप्प बसणं आहे.

हिवाळ्यात वास्तुकलेचे विद्यार्थी येतात. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला, तिथून गाडीने. आप्पा त्यांना दीड तास भवन दाखवतात. प्रत्येक खांबाचा, प्रत्येक फटीचा जन्म सांगतात. शेवटी बोळ येतो. त्याच्या टोकाच्या भिंतीत जमिनीपासून दीड फुटावर एक चौकोनी खिडकी आहे. सव्वा-दीड फुटांची, गज नाहीत, झडप नाही. उभ्या माणसाच्या गुडघ्याशी येते. तिचा उपयोग कोणाला कळत नाही, त्यामुळे विद्यार्थ्यांना ती फार आवडते. एकाने सांगितलं, ही किल्ल्याच्या तटातली जंगी आहे, बंदूक रोखायची फट. पोर्तुगीज काळाची आठवण. एक मुलगी म्हणाली, ही माणसाला वाकायला लावते, म्हणजे सत्तेवर भाष्य आहे. त्यांच्या प्राध्यापकांनी या खिडकीवर चार पानं लिहिली आणि एक प्रत आप्पांना पाठवली.

"बरोबर आहे का सर?" विद्यार्थी विचारतात.

आप्पा मोजपट्टी गुंडाळतात. "चला, पुढे."

पुढे काही नसतं. सगळे मागे फिरतात.

गेल्या पावसाळ्यात भवन तीन ठिकाणी गळलं. दुरुस्ती काढायचं ठरलं, आणि दुरुस्ती निघाली की सुधारणाही निघते. समितीची बैठक झाली. अध्यक्षस्थानी सरपंच वैशाली ठाकूर होत्या. इतिवृत्त लिहिण्याचं काम माझ्याकडे आहे. सूचना अशा आल्या: दर्शनी बाजू ॲल्युमिनियमच्या चकचकीत पत्र्याने झाकावी, चारही खांब टेकवून घ्यावेत, जिना तोडून तिथे स्वच्छतागृह करावं.

शेवटची सूचना भजनी मंडळाच्या बबन म्हात्रे यांची. "आप्पा, राग मानू नका. पण लग्नात लोकांना संडास लागतो. जिना लागत नाही."

"संडास मागे बांधा. जागा आहे."

"मागे तुमची वाडी आहे."

"माझ्या वाडीतली देतो. जिना राहील."

वाडीतली जागा आप्पा देतील, असं कोणाला वाटलं नव्हतं. तीच वेळ साधून त्यांनी ठराव मांडला: दुरुस्तीत जे नकाशात आहे ते सगळं ठेवायचं; जे नकाशात नाही, ते कोणाचंही असो, काढायचं. "कोणाचंही" या शब्दावर त्यांनी टेबलावर बोट आपटलं. जागेच्या बातमीने मऊ झालेल्या सभेने ठराव एकमताने मंजूर केला.

पुढच्या रविवारी पाहणी झाली. आप्पांनी नकाशे पसरले, मी बाबींना क्रमांक दिले. न टेकलेले खांब: ठेवणे. टेकलेला खांब, लाल पेन्सिल: ठेवणे. काटे नसलेलं घड्याळ: ठेवणे. जिना: ठेवणे. आप्पा अशा आनंदात होते की पाइप त्यांनी दोनदा धर्माच्या हातात दिला. एरवी ते तो कोणाला देत नाहीत. मग काढायच्या बाबी सुरू झाल्या. माजी सरपंचांच्या नावाची संगमरवरी पाटी: काढणे. नंतर बसवलेल्या दिव्यांच्या माळा: काढणे. बाब क्रमांक चाळीस, बोळातलं भजनी मंडळाचं कपाट, आत दोन पखवाज आणि एक पेटी: काढणे.

"आप्पा, देवाचं सामान आहे ते," बबन म्हणाला.

"देवाचं आहे म्हणून नकाशात येत नाही."

बबनने कपाटावरून हात फिरवला आणि बोळाच्या टोकाकडे बघितलं. "बरं. आणि ती? ती खिडकी आहे का नकाशात?"

आप्पांनी नकाशाकडे पाहिलं नाही. मी त्यांच्या शेजारी उभा होतो. कागद क्रमांक बारा त्यांच्या हातात होता. भिंत त्यावर सरळ, अखंड रेषेत काढलेली होती.

"नाही," आप्पा म्हणाले.

"लाल पेन्सिल?"

"नाही."

धर्माने मान खाली घातली. वैशालीताई पुढे झाल्या. "अहो, एवढीशी तर आहे. राहू द्या. मुलं लांबून बघायला येतात. बबनदादा, तुम्हीही काय!"

"मी काय बोललो? ठराव त्यांचा आहे. आमचं कपाट गेलंच ना?"

"ताई, बबन बरोबर बोलतोय," आप्पा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "लिहा. बाब क्रमांक एकेचाळीस. बोळाच्या टोकाची खिडकी. एक फूट पाच इंच बाय एक फूट पाच इंच. बुजवणे."

खिडकीला त्यांनी मोजपट्टी लावली नव्हती. नंतर मी लावली. एक फूट पाच इंच बरोबर होतं.

त्या संध्याकाळी आप्पा एसटीने आले नाहीत. सोमवारीही आले नाहीत. मैदानातल्या पोरांनी मला विचारलं, "अंपायर आजारी आहेत का?" मी घरी गेलो. आप्पा ओटीवर होते. समोर कागद क्रमांक बारा आणि एक लाल पेन्सिल, नवी, टोक न काढलेली.

"तुम्हीच काढून टाका ना रेघ," मी म्हणालो. "कोण तपासणार?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ते एखाद्या बाहेर झुकलेल्या भिंतीकडे बघावं तसं. "सही कोणाची करू?"

पेन्सिल त्यांनी खिशात ठेवली. "कामात कधी खोटं केलं नाही. एकदाच केलं," असं म्हणाले, आणि पाणी आणायला आत गेले.

मंगळवारी खिडकी बुजवायची होती. दुपारी चारच्या सुमारास काम झालं का बघायला मी भवनात गेलो. बोळात भिजवलेल्या विटा होत्या, पाटीत कोरडी वाळू होती, थापी होती. धर्मा नव्हता. खिडकीतून वाकून बघितलं तर पलीकडे, आप्पांच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दारात तो बसलेला दिसला. मी वळसा घालून वाडीत गेलो.

"बुजवली नाहीस?"

"न्हाय. आप्पा सकालीच मुंबईला गेलं, रेवसच्या लाँचनी. पाइप घेऊन. बोललं, इटा भिजव पन मी येईस्तवर लावू नको. घर उघडा हाय, बस बोललं."

"मुंबईला कुणाकडे?"

"त्या नकाशावाल्या साहेबाकडे. जित्ता हाय म्हनं अजून."

मी त्याच्या शेजारी बसलो. दारासमोर माडांच्या मधून भवनाची मागची भिंत दिसत होती आणि भिंतीत ती खिडकी.

"ही खिडकी ठेवली कुणी, धर्मा?"

"मी. आप्पांनी सांगितली, मी ठेवली." त्याने तंबाखू मळायला घेतली. "हितं चूल व्हती काकूंची. भवन नव्हता तवा हितून समदा रस्ता दिसायचा. यष्टी दिसली का काकू भात टाकायच्या. आप्पा पाय धुऊन, बागेत फेरी मारून पानावर बसंपर्यंत भात तयार. मंग आमी भिंत घातली. यष्टी दिसना. दोन दिस भात कच्चा, तिसऱ्या दिशी गच्च. काकू काय बोलल्या न्हाय. आप्पाच आलं माज्याकडं, बोललं, धर्मा, एवढ्या इटा काढ. स्वता हितं पाटावर बसलं नि वरडून सांगत व्हतं, खाली घे, अजून खाली, बस."

"साहेब आले तेव्हा त्यांना दिसली नाही?"

"फल्या रचलेल्या ना म्होरं! कुनी रचल्या? यांनीच. मना बोललं, साहेबांना मी सांगतो मागनं. ते मागनं काय आलंच न्हाय."

मी धर्माकडून मोजपट्टी मागून घेतली. बोळाची फरशी वाडीपेक्षा तीन फूट उंच, त्यामुळे खिडकीचा तळ वाडीच्या जमिनीपासून साडेचार फुटांवर आहे. स्वयंपाकघराचं जोतं दोन फूट. पाटावर बसलेल्या माणसाची नजर त्यावर सुमारे अडीच फूट, म्हणजे साडेचारच. मी आत पाटावर बसलो. खिडकीतून बोळ दिसला, बोळातून कमान, कमानीतून रस्ता. थांब्याचा खांब बरोबर मधे होता. गाडीचं दार थांबतं तेवढीच जागा दिसत होती. शटर, टेम्पो, फ्लेक्स, होमस्टेचा फलक आणि कालच हलवलेलं भजनी मंडळाचं कपाट, सगळी याच रेषेत येतात.

"आणि ते बोट?"

"एक बोट म्हंजे एकटाच हाय. दोन बोटं म्हंजे संगती कुनी जेवनार हाय. तसा तांदूल घ्यायच्या काकू." त्याने तंबाखू तोंडात टाकली नाही, तशीच मुठीत ठेवली. "काकू गेल्यावर मी इचारलं, आता कुनाला दावता? बोललं, सवय हाय."

त्या दिवसाबद्दल दोन गोष्टींची खात्री करता आली आहे.

पहिली अशी. कागद क्रमांक बारावर, बोळाच्या टोकाच्या भिंतीत, लाल पेन्सिलीने एक चौकोन काढलेला आहे. रेषा थरथरलेल्या आहेत. शेजारी मापं नाहीत. खाली सही आहे, ती पाचव्या खांबाखालच्या सहीशी जुळते. मुंबईत दोघांचं काय बोलणं झालं, याला तिसरा साक्षीदार नाही आणि आप्पांनी ते सांगितलेलं नाही. समितीने बाब क्रमांक एकेचाळीसपुढचं 'बुजवणे' खोडून 'ठेवणे' लिहिलं. सूचक: बबन म्हात्रे.

दुसरी अशी. संध्याकाळी पाच वाजून बावीस मिनिटांनी अलिबागहून आलेली एसटी थांब्यावर थांबली. मी पाटावर होतो, धर्मा उंबऱ्यावर. आधी पाइपचं टोक दिसलं, मग आप्पा. गाडी निघून गेली. त्यांनी पाइप डाव्या काखेत घेतला, भवनाकडे तोंड केलं आणि उजव्या हाताचं एक बोट वर केलं.

धर्मा उठला. मूठ त्याने अंगणात झटकली, हात धुतले, फळीवरचा तांदळाचा डबा काढला आणि दोन मुठी तांदूळ पातेल्यात घेतले. माझ्याकडे बघितलं. मग आणखी चार मुठी घेतल्या आणि गॅस पेटवला.